नऊ कोरड्या पायऱ्या

आमच्या घरात भित्री म्हणून माझी ख्याती होती. साताऱ्यात आमचं घर किल्ल्याच्या पायथ्याच्या बाजूला. सुट्टीत भावंडं किल्ल्यावर पळत जायची आणि मी अर्ध्या वाटेवर एका कट्ट्यावर बसून त्यांच्या चपला सांभाळायची. स्टोव्हला पिन मारायची वेळ आली की मी आईला हाक मारायची. वडील फौजेतून हवालदार म्हणून निवृत्त झालेले. लढाई बघून आलेला माणूस, पण लेकीला सायकल शिकू देत नव्हते. "पडली म्हंजे?" एवढंच म्हणायचे. थोरला भाऊ पाहुण्यांसमोर सांगायचा, "हिला खुर्ची द्या, आधी पाय मोडका आहे का ते बघंल, मग बसंल." सगळे हसायचे. मीही हसायची, पण खुर्चीचा पाय बघितल्याशिवाय बसायची नाही.

मोठा दुष्काळ सरला त्या सुमाराची गोष्ट. डी.एड. होऊन मी दोन वर्षं घरी बसले होते. एक दिवस नेमणुकीचं पत्र आलं. सांगली जिल्ह्यात, कृष्णेच्या काठच्या एका वस्तीवरची दोनशिक्षकी शाळा. वडिलांनी पत्र दोनदा वाचलं, चष्मा काढला आणि म्हणाले, "तुझ्या मावशीच्या गावासमोरची वस्ती ही. नदीच्या पल्याड. पूल आठ मैलांवर हाय. तुला पवाय येत न्हाई. नको म्हणून कळवू, दुसरी येईल."

"मी जाते," मी म्हणाले.

आईनं हातातलं पीठ तसंच ठेवून माझ्याकडं बघितलं. भाऊ हसायचं विसरला. माझ्या तोंडून ते कसं निघालं, मला अजून सांगता येत नाही. दोन वर्षं घरात बसून स्थळांच्या गोष्टी ऐकल्या होत्या. त्यापेक्षा नदी बरी, असं काहीतरी मनात असावं. आठ दिवसांनी कराडला आणि मग कुंडलला एस.टी. बदलून मी वळकटी घेऊन मावशीच्या दारात उतरले.

मावशी तेव्हा चाळिशीची. काका लष्करात, वर्षातून दोन महिने घरी. बाकी दहा महिने ऊस, म्हशी, विहीर, गडीमाणसं, सगळं तीच बघायची. तिच्या पडवीतून समोरच्या काठावरच्या माझ्या शाळेची कौलं दिसायची. मध्ये फक्त नदी. उन्हाळ्यात उताराच्या जागी गुडघाभर पाण्यातून चालत जायचं आणि एरवी ग्रामपंचायतीच्या नावेतून.

नाव आबा चालवायचे. साठीचे, अंगानं वाळके, मोजकं बोलणारे. गावचा घाट दगडी, एकवीस पायऱ्यांचा. पाणी किती चढलं ते आबा पायऱ्यांवरून सांगायचे, पण बुडालेल्या पायऱ्या मोजायचे नाहीत. वरून किती कोरड्या उरल्या ते मोजायचे. सहा कोरड्या उरल्या की नाव बंद. तोवर ज्याचं त्यानं ठरवायचं. सकाळी ते घाटावरून "तेरा कोरड्या!" अशी हाक द्यायचे आणि जमलेली माणसं नावेत तरी बसायची नाही तर घरी तरी जायची. दुधाच्या किटल्या घेऊन जाणारा गवळी सातपर्यंत जायचा. आमचे हेडगुरुजीही सातपर्यंत. ते त्याच नदीत वाढलेले. आणि तालमीत नाव काढलेला एक धिप्पाड शेतकरी बारा म्हटलं की गुमान माघारी वळायचा. त्याला कुणी हसत नसे. मला या गोष्टीचं फार नवल वाटलं. आमच्या घरी तो जन्मभर चेष्टेचा विषय झाला असता.

पहिल्या पावसाळ्याच्या तोंडाला आबांनी मला विचारलं, "बाई, तुमची पायरी कोंची?"

"म्हणजे?"

"किती कोरड्या आसल्या तर तुमी बसणार? मला आधी ठावं पायजे. ऐन टायमाला काठावर उभं ऱ्हाऊन इचार करत बसला तर बाकीच्यांचा खोळंबा व्हतो."

"तुम्हीच सांगा ना, किती ठेवू?"

"मी कसं सांगू? नाव माझी हाय. भ्या तुमचं हाय."

मी बराच वेळ पाण्याकडं बघितलं आणि म्हणाले, "अकरा."

"अकरा," ते म्हणाले आणि दोर सोडायला लागले. चेहऱ्यावर कौतुक नाही, टिंगलही नाही.

त्या पावसाळ्यात सात दिवस पाणी अकराच्या वर चढलं. सात दिवस मी घाटावर उभी राहून गुरुजींना आणि गवळ्याला जाताना बघितलं. गुरुजी भला माणूस, पण त्यांचाही धीर सुटला. "बाई, एकट्यानं चार वर्ग सांभाळतोय मी. पोरं रोज इचारतात, बाई कवा येणार?" मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आठव्या दिवशी आबांनी "दहा कोरड्या" म्हटलं आणि मी खाली मान घालून नावेत जाऊन बसले. मधल्या धारेत नाव कलली तेव्हा शेजारच्या बाईचा दंड मी इतका घट्ट धरला की तिच्या हातावर वळ उठले. त्या दिवशी फळ्यावरचं माझं वाकडंतिकडं अक्षर बघून पहिलीतली पोरंसुद्धा एकमेकांकडं बघायला लागली.

संध्याकाळी परतताना बाकीचे उतरले आणि आबांनी मला थांबवलं.

"आज गुरुजींच्या बोलण्यावरनं बसला व्हता न्हवं?"

मी मान हलवली.

"गुरुजी ह्या पाण्यात वाढल्यालं हायत. तुमी न्हाई. तुमाला दहा पायजे आसल तर आधी पवाय शिका. आन् तवर अकराच ऱ्हाऊ द्या. त्यात लाजण्यासारखं काय बी न्हाई."

घरी येऊन मी मावशीला हे सांगितलं. ती म्हशीची धार काढत होती. मान वर न करता म्हणाली, "उनं पडू दे. मी शिकवते."

थंडीत विहिरीचं पाणी सोसवणार नाही म्हणून ती होळीपर्यंत थांबली. मावशीची विहीर पायऱ्यांची, भोवती उसाचा आडोसा. आमच्याकडं पोहायला शिकवायची रीत म्हणजे पोराच्या पाठीला पांगाऱ्याच्या लाकडाचा ठोकळा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचं. पांगारा हलका, तो बुडू देत नाही. मी तेवीस वर्षांची, नऊवारीचा काष्टा मारून विहिरीच्या शेवटच्या पायरीवर उभी. मावशीनं कमरेला कासरा बांधला, दुसरं टोक आपल्या मनगटाला गुंडाळलं. मला वाटलं, आता ढकलणार.

तिनं ढकललं नाही. "पोरास्नी ढकलत्यात," ती म्हणाली. "तुला ढकललं तर तू हातपाय मारचील, वर बी येशील, पर उद्याच्याला विहिरीकडं फिरकायची न्हाईस. तू बघून घेणारी हायस. काय बघायचं ते बघ."

मग मी बघितलं. दोरीला दगड बांधून विहिरीची खोली मोजली. पांगारा पाण्यात टाकून त्यावर भार देऊन बघितला. कासऱ्याची गाठ सोडून पुन्हा बांधायला लावली. पहिले तीन दिवस मी पायरीवर बसून पाय पाण्यात सोडले आणि घरी गेले. मावशी हसत होती, पण घाई करत नव्हती. चौथ्या दिवशी मला आणखी बघण्यासारखं काही उरलं नाही. मी आपणहून पाण्यात उतरले.

नाकातोंडात पाणी गेलं, ठसका लागला, मावशीचं नाव घेऊन ओरडलेही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. दर आठवड्याला मावशी तो ठोकळा कापून थोडा थोडा बारीक करायची. चैत्र संपता संपता तो हाताएवढा राहिला, आणि एका सकाळी मी तो सोडून या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पोहत गेले. पलीकडच्या भिंतीतल्या दगडाला धरून मी मागं बघितलं तर मावशीनं कासरा केव्हाच खाली ठेवला होता.

त्या दिवशी दगडाला धरून लटकताना मला माझ्याविषयी एक गोष्ट कळली. मी भीत होते हे खरं. पण नीट बघून झाल्यावर मागं फिरत नव्हते. घरात या दोन्ही गोष्टींना एकच नाव होतं, म्हणून मलाही दुसरी कधी दिसली नव्हती.

पुढच्या पावसाळ्यात आबांनी विचारायच्या आधी मीच म्हणाले, "आबा, माझी आता नऊ."

"दहा न्हाई?"

"नऊ. मोजून सांगते."

त्यांनी मान डोलावली. त्या वर्षी माझे दोनच दिवस बुडाले. नावेत बसताना भीती वाटायची ती वाटतच राहिली, पण कुणाचा दंड धरायची वेळ आली नाही.

तिसऱ्या वर्षी नावेचा तळ कुजला. नवी येईपर्यंत काय करायचं, तर गुऱ्हाळाची काहील. उसाचा रस आटवायची ती पसरट लोखंडी कढई, आठ-नऊ फूट रुंद. पावसाळ्यात गुऱ्हाळं बंद, काहिली रिकाम्या. नदीकाठची माणसं पुरात त्यातूनच पार व्हायची. काहिलीला ना पुढा ना मागा. पाण्यावर ठेवली की गरगरते. मध्ये गुडघे जवळ घेऊन बसायचं, हलायचं नाही, आणि आबा वल्ह्यानं तिला कशीबशी दिशा द्यायचे. पहिल्यांदा गेले तेव्हा मधल्या धारेत आमचं गाव माझ्या डोळ्यांसमोरून दोनदा गेलं. लोखंडाला गुळाचा वास येत होता.

त्या वर्षी पंधरा ऑगस्टला अलीकडं, मावशीच्या गावात मोठा कार्यक्रम ठरला. तालुक्याहून साहेब येणार होते. आमच्या शाळेतल्या आठ मुलांनी मनोरे करायचे आणि चौदा मुलींनी लेझीम. महिनाभर मी त्यांची तयारी करून घेतली होती. लाल रिबिनी आणल्या होत्या. मुली रात्री झोपेतसुद्धा पावलं टाकतात, असं त्यांच्या आया सांगायच्या.

त्या दिवशी सकाळी आबांची हाक आली, "नऊ कोरड्या!" मुलींना आणायला मी एकटी काहिलीत बसले. पाणी गढूळ आणि जोरात होतं. वरच्या अंगाला पाऊस झालेला. एक अख्खी बाभळ मुळांसकट आमच्या बाजूनं गेली. पलीकडं उतरल्यावर मी आबांना विचारलं, "आबा, ही उलटली तर तुम्ही किती जणींना धराल?"

आबांनी प्रश्न हसण्यावारी नेला नाही. आपल्या हातांकडं बघितलं. "दोन. तिसरीला केसानं धरायला बघीन, पर सांगता येत न्हाई."

"एका खेपेला किती मुली बसतील?"

"चार."

"आणि मी बरोबर असले तर?"

"तुमी सोता वर ऱ्हायला तरी लय झालं, बाई."

मुली काठावर रांगेत उभ्या होत्या, रिबिनी बांधून, लेझीम छातीशी धरून. मागं त्यांच्या आया. आदल्या रात्री वस्तीवरच राहिलेले गुरुजी आणि त्यांची आठ मुलं. आणि वस्तीवरचे पंच, ज्यांनी हा सगळा कार्यक्रम ठरवला होता, नवा फेटा बांधून. त्यांची नात त्या चौदांतलीच एक.

"चला बाई," पंच म्हणाले, "सायेब यायची येळ झाली. पयल्या खेपंला पोरी घ्या."

"मुली येणार नाहीत," मी म्हणाले.

पंचांना वाटलं त्यांना नीट ऐकू आलं नाही. "काय म्हणला?"

"काहिलीतून मी मुलींना नेणार नाही."

गुरुजी पुढं आले. "अहो बाई, नऊ कोरड्या आहेत. तुम्ही स्वतः आत्ता एकट्या आलात की!"

"माझं मी ठरवलं, गुरुजी. मला थोडंफार पोहता येतं. यातल्या एकीलाही येत नाही. चार मुली बसणार आणि आबा दोघींना धरणार. उरलेल्या दोघी कोणत्या, ते मला सांगा."

एका मुलीच्या आईनं तिच्या खांद्यावर हात ठेवला.

पंचांचा चेहरा लाल झाला. सगळ्या वस्तीसमोर एक चोवीस-पंचवीस वर्षांची परगावची बाई त्यांना नाही म्हणत होती. "म्हंजे भ्याला तुमी," ते म्हणाले. "सरळ सांगा की, भ्यालो म्हणून."

"व्हय, भ्याले," मी म्हणाले.

मुलं नदीत पोहणारी, गुरुजी त्यांना घेऊन गेले. चार आणि चार, दोन खेपा. दोन्ही वेळा काहील गरगरत गेली आणि सुखरूप पोचली. मी काठावर उभी राहून ती टेकेपर्यंत बघत होते. माझ्या मागं चौदाजणी रडत होत्या. मी त्यांना शाळेत नेलं, आमच्या खांबावर झेंडा लावला आणि त्यांच्या आयांसमोर लेझीम करून घेतलं. निम्म्या जणींनी नाक ओढत ओढत पावलं टाकली.

दुपारी मुलं हातात लिमलेटच्या गोळ्या घेऊन परत आली. साहेबांनी पाठ थोपटली म्हणून सांगायला लागली. पंचांची नात माझ्यासमोर येऊन उभी राहिली. नऊ-दहा वर्षांची, मोठ्या डोळ्यांची, फार कमी बोलणारी मुलगी.

"बाई, पोरं गेली आन् आली बी. कुणी बुडलं न्हाई."

"बरं झालं," मी म्हणाले.

पुढं बरेच दिवस ते उत्तर मला पुरत नव्हतं. काहील उलटली असती तर सगळ्यांनी माझं शहाणपण वाखाणलं असतं. ती उलटली नाही, म्हणून मी भित्री ठरले. नदीवर बायका माझ्याकडं बघून कुजबुजायच्या. पंचांनी वर कळवलं आणि माझ्याकडून खुलासा मागवला गेला. मी एका ओळीत लिहिलं, "मुलींना पोहता येत नव्हते." काय घडलं ते आणि हीच ओळ घरी वडिलांना पत्रात कळवली. मनात होतं, ते म्हणतील, मी आधीच सांगितलं होतं. त्यांचं कार्ड आलं. त्यावर दोनच वाक्यं होती. "हाताखालच्या माणसांना न्यायचं की न्यायचं नाही हे ठरवणं सगळ्यात अवघड. तू ठरवलंस, मला बरं वाटलं." ते कार्ड मी ट्रंकेच्या तळाशी ठेवलं, आणि महिनाभर रोज ट्रंक उघडली.

मावशीला मी कार्ड वाचून दाखवलं. तिनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "समदं खरं. पर पोरींना पवता येत न्हाई म्हणून लिहून दिलंस. आता त्यास्नी कोण शिकवणार? तो सायेब?"

वस्तीवरची सगळी मुलं चालायला लागली की नदीत डुंबायची. मुलींना काठावर धुण्याला बसवायचे. त्यांच्या घरापासून पाणी पन्नास पावलांवर, आणि त्या पाण्याचं त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. मी एका दिवसाचा धोका टाळला होता. त्यांचा धोका रोजचा होता.

नदीत शिकवणं मला जमलं नसतं. धारेचा भरवसा नाही. विहीर पाहिजे होती, पायऱ्यांची, आडोशाची, मुलींच्या जवळची. वस्तीवर तशी एकच होती. पंचांच्या मळ्यात.

होळीच्या आधी मी त्यांच्याकडं गेले. ते बैलांना वैरण टाकत होते. मी सांगून झाल्यावर त्यांनी पेंढी खाली ठेवली.

"मला एक समजून सांगा, बाई. काहिलीत बसवाय तुमी भ्याला. ती पोरं तर सुखानं गेली. आन् आता त्याच पोरी तीस फूट पाण्यात उतरवणार? आवं, काहील बरी की वो!"

"काहिलीत माझ्या हातात काही नव्हतं, दादा. विहिरीत प्रत्येकीच्या कमरेला कासरा असेल आणि त्याचं टोक माझ्या हातात. पाठीला पांगारा. एका वेळी पाण्यात दोघीच, वर धरायला मी आणि मावशी. तिसरी पाण्यात पाय घालणार नाही."

"आन् कासरा तुटला म्हंजे?"

"तुमचा सगळ्यात जाड कासरा द्या. रोज सकाळी मी तो दगड बांधून बघीन."

त्यांनी पेंढी पुन्हा उचलून बैलांपुढं टाकली. "तुमी भित्र्या हाय का धाडशी, माझ्या काय ध्येनात येत न्हाई," म्हणाले, आणि गोठ्यात जाऊन नवा कोरा कासरा घेऊन आले.

पहिल्या दिवशी सहाच मुली आल्या. बाकीच्यांच्या आया म्हणाल्या, बघू. मी कुणाला आग्रह केला नाही. मावशी उताराच्या पाण्यातून रोज सकाळी माझ्याबरोबर यायची. परकराचे काचे मारून मुली पायऱ्यांवर ओळीनं बसायच्या. कुणालाही ढकलायचं नाही, हा आमचा एकच नियम. पहिली पाण्यात उतरली तेव्हा मावशीनं कासरा धरला होता आणि मी दुसरीची गाठ पुन्हा ओढून बघत होते. मी आयुष्यात इतकी कशालाच घाबरले नाही, आणि इतक्या शांतपणे कधी उभीही राहिले नाही. आठवड्यात अकराजणी झाल्या. मग तेरा. विहिरीत इतका गलका असायचा की पंचांचे बैल मोटेच्या बाजूला यायला तयार नसत. दोघी-तिघी तर बेडकासारख्या तरबेज झाल्या आणि मलाच सांगायला लागल्या, बाई, पाय असा मारा. एका मुलीच्या आईनं तिला शेवटपर्यंत पाठवलं नाही. तिच्या घरी मी एकदा जाऊन आले आणि दुसऱ्यांदा गेले नाही.

पंचांची नात रोज यायची. सगळ्यांच्या आधी यायची. आणि शेवटच्या पायरीवर बसून राहायची. सोळा दिवस ती बसून राहिली. बाकीच्या मुली तिला चिडवायला लागल्या तेव्हा मी त्यांना गप्प केलं. एक दिवस पंच स्वतः काठावर आले. चारचौघांत त्यांची नातच मागं राहिली, हे त्यांना सहन होत नव्हतं.

"ढकला तिला, बाई. मी सांगतो. ढकला. त्याबिगर न्हाई शिकायची."

"ढकलणार नाही," मी म्हणाले. "आणि तुम्हीही ढकलायचं नाही. विहीर तुमची, पण पाण्यात असेपर्यंत पोरी माझ्या."

मावशीनं माझ्याकडं चमकून बघितलं. मीही माझाच आवाज ऐकून चमकले होते. पंच काहीतरी पुटपुटले आणि मोटेचे बैल चालतात त्या धावेवर जाऊन बसले, पाठ करून.

त्यानंतर दोन दिवसांनी, मी दुसऱ्या मुलीचा ठोकळा सोडत होते, तेव्हा कुणीतरी माझा पदर ओढला.

"बाई, ही गाठ कशी मारायची?"

पंचांची नात होती. मी तिला गाठ दाखवली. तिनं ती सोडली, स्वतः मारली, ओढून बघितली, पुन्हा सोडली. तीन वेळा. मग कासऱ्याचं टोक माझ्या हातात दिलं, माझी मूठ आपल्या दोन्ही हातांनी आवळून बंद केली आणि पाण्यात उतरली. ओरडली नाही, रडली नाही. तोंड मिटून, डोळे उघडे ठेवून हातपाय मारत राहिली. मावशी हळूच म्हणाली, "बघ गं, कशी चाललीया." विहिरीतला गलका थांबला होता. धावेवर पाठ करून बसलेले पंच कधी उठून काठावर आले, मला कळलं नाही.

पंधरा दिवसांत तिनं पांगारा सोडला. शाळेला सुट्टी लागायच्या आदल्या दिवशी तेराजणी एकामागून एक विहिरीची रुंदी पोहून गेल्या, बिन ठोकळ्याच्या. वर कासरे धरून मी, मावशी आणि मुद्दाम बोलावलेले आबा. प्रत्येकीनं भिंत गाठली की आबा एकेक बोट मिटत मोजत होते आणि तेरावी पोचल्यावर त्यांनी दोन्ही हात खांद्यावरच्या पंच्याला पुसले.

त्या दिवसाचा अभिमान मी कधी लपवला नाही. पुढं माझी बदली विट्याकडच्या कोरड्या मुलखात झाली, तिथं ओढ्यालासुद्धा पाणी नसायचं. मी खूप शाळा बघितल्या, खूप मुलं पास झाली, एक-दोन पत्रं कौतुकाचीही आली. पण मला कुणी विचारलं, नोकरीत काय केलंत, तर मी अजून तेच सांगते, की तेरा मुलींना पोहायला शिकवलं आणि एकीलाही ढकललं नाही.

पंचांनी त्या दिवशी सगळ्यांसाठी भाकरी, पिठलं आणि गूळ मळ्यात पाठवला. ओल्या केसांनी मुली विहिरीच्या कडेला बसून जेवत होत्या. आया बघायला आल्या होत्या, त्या घोळक्यानं पायऱ्यांवर उभ्या राहून पाण्याकडं बघत होत्या. त्यांतली एक, तीन लेकरांची आई, पदराचं टोक दातात धरून माझ्याजवळ आली आणि इकडं तिकडं बघून हळू आवाजात म्हणाली, "बाई, आमाला जमल का वो?"

मी काही बोलायच्या आत मावशीनं तिच्या हातावर भाकरीचा तुकडा ठेवला. "उद्याच्याला ये," ती म्हणाली. "आन् जुनं लुगडं नेसून ये."

दुसऱ्या दिवशी चौघी आल्या.